दोन शब्द गाळलेलं पान

चि. माऊस,



तू पाठवलेली यादी दोनदा वाचली. एकोणीस नावं आहेत. सहा जाडजूड पाठ्यपुस्तकं, चार गाईडं, चार ऑनलाइन वर्गण्या, कार्डांचा एक संच, दोन टेलिग्राम ग्रुप, कुणा सीनियरच्या हाताने लिहिलेल्या नोट्सची पीडीएफ, आणि सगळ्यात खाली नुसतंच ‘रिकॉल, लेटेस्ट’. त्याखाली तुझा प्रश्न : ‘आत्या, यातलं काय घेऊ? की सगळंच घेऊन ठेवू?’ फोनवर बोललो असतो तर तू हो हो म्हणत तीन नावं खोडली असतीस आणि उरलेली सोळा मागवली असतीस. म्हणून सावकाश लिहायला बसले आहे. तूही हे ओपीडीच्या गडबडीत वाचू नकोस. रात्री जेवण झाल्यावर वाच.

आधी एक गोष्ट सांगते. ती तुझ्या बाबालाही मी पूर्ण सांगितलेली नाही.

माझा स्वतःचा दवाखाना सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. एका संध्याकाळी चार वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची आई आली. चौदा किलो वजन, दोन्ही बाजूंच्या दुधाच्या दाढा किडलेल्या, गाल सुजलेला. भुलीसाठीच्या, ॲड्रेनॅलिन घातलेल्या लिग्नोकेनची बाटली सकाळीच संपली होती आणि साधी बाटली शिल्लक होती. माझ्या डोक्यात एक ओळ पक्की बसलेली होती : लिग्नोकेन, किलोमागे ७ मिलिग्रॅम. चौदा साते अठ्ठ्याण्णव. २ टक्के द्रावण म्हणजे मिलीमागे २० मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ ५ मिली चालेल, असा हिशेब केला. दोन्ही बाजूंना मिळून ४ मिली दिलं आणि आपण काटकसरच केली असं मला वाटलं. दाढा निघाल्या. दहा-पंधरा मिनिटांनी पोरगं चुळबूळ करायला लागलं, मग जीभ जड झाल्यासारखं बोलायला लागलं, मग त्याचे डोळे मिटायला लागले. ‘बाई, झोप आली का हो त्याला?’ त्याच्या आईने विचारलं. माझ्या हातापायांतलं बळच गेलं. शेजारच्या गल्लीतले बालरोगतज्ज्ञ धावत आले, मुलाला आडवं केलं, नाडी आणि श्वास बघत आम्ही दोघं अडीच तास त्याच्या उशाशी बसून होतो. मुलगा सुखरूप घरी गेला. मी मात्र त्या रात्री घरी जाऊन पुस्तकं काढली.

त्या ओळीतले दोन शब्द गळलेले होते : ‘ॲड्रेनॅलिन असल्यास’. साध्या लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे साधारण साडेचार मिलिग्रॅम आहे आणि लहान मुलांच्या बाबतीत तर ४.४ च धरायचे असतात. चौदा किलोला जेमतेम ६१ मिलिग्रॅम, म्हणजे ३ मिली. मी दिले होते ८०. ती ओळ मी ज्या गाईडात पाठ केली होती ते अजून कपाटात आहे. लेखकाने बहुधा मुद्दाम काही चुकवलं नव्हतं. पानावर दोन रकाने होते, जागा कमी होती, आणि परीक्षेत एका आकड्याला एक गुण होता. त्यामुळे अटीचे शब्द गेले आणि आकडा राहिला. परीक्षेत मला तो गुण मिळालाही होता.

म्हणून तू ‘कोणतं पुस्तक चांगलं’ असं विचारतेस तेव्हा मला नावं सुचत नाहीत, ते पान आठवतं. आणि तुला पहिला सल्ला हाच आहे की पुस्तक, ॲप, कोर्स, काहीही घेण्याआधी त्यातलं लिग्नोकेनचं पान काढ. ॲड्रेनॅलिनसह आणि ॲड्रेनॅलिनशिवाय असे दोन आकडे वेगळे दिलेत का? मोठ्या माणसाची एकूण कमाल मर्यादा दिली आहे का? मुलांचं वेगळं सांगितलं आहे का? मालामेड यांच्या भूलशास्त्राच्या हँडबुकाच्याच जुन्या आणि नव्या आवृत्त्यांत हा आकडा वेगळा सापडेल. तर मग तुझं साधन कोणत्या आवृत्तीला धरून बोलतंय हे ते सांगतं का? पाच मिनिटांचं काम आहे. यादीतली निम्मी नावं इथेच गळतील.

आता तुझ्या परीक्षेबद्दल. तू लिहिलंस, ‘नीट एमडीएस पण देते आणि आयएनबीडीई पण, दोन्हीची पुस्तकं एकच तर आहेत.’ पुस्तकं एक असतील, पण परीक्षा एक नाहीत. नीट एमडीएस ही पदव्युत्तर प्रवेशाची चाळणी आहे. तीन तासांत २४० प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. जागा मोजक्या आणि मुलं हजारो, म्हणून प्रश्न असा लागतो की ज्याने एक माणूस दुसऱ्याच्या पुढे जाईल. आयएनबीडीई ही अमेरिकेतल्या परवान्याच्या वाटेवरची परीक्षा. तिथे चुकीला वजा गुण नाहीत. निकाल उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असाच लागतो, बस्स. ७५ हा उत्तीर्ण होण्यासाठीचा त्यांच्या मोजपट्टीवरचा आकडा आहे. तो म्हणजे पंचाहत्तर टक्के नव्हेत, हे लक्षात ठेव, कारण तुझे मित्र तसं समजून घाबरतात. या परीक्षेला कुणाला मागे टाकायचं नसतं. या मुलीच्या हाती रुग्ण सोपवला तर चालेल का, एवढंच तिला बघायचं असतं. पहिलीसाठी वन-लायनर उपयोगी पडतील. दुसरीसाठी तेच वन-लायनर तुझा घात करतील, कारण ‘कशात, कुणाला, कधी’ हे सगळं त्यांनी छाटलेलं असतं.

त्यामुळे साधनांच्या आधी वाट ठरव. एकाच वर्षात दोन्ही डगरींवर पाय ठेवू नकोस. मी तुझ्या जागी असते तर कोणती वाट घेतली असती हे लिहिणार नाही, ते तुझं आयुष्य आहे. पण अमेरिकेची वाट घेतलीस तर तिची लांबी आधीच बघून घे. आयएनबीडीई पास झालीस म्हणजे परवाना मिळाला असं नाही. परवाना तिथलं प्रत्येक राज्य आपापला देतं, आणि बहुतेक ठिकाणी तिथल्या मान्यताप्राप्त दंत महाविद्यालयातून दोन-तीन वर्षांचा ॲडव्हान्स्ड स्टँडिंगचा अभ्यासक्रम करावा लागतो. आपली बीडीएसची पदवी एकटी पुरत नाही. त्या प्रवेशासाठीचे अर्ज, इंग्रजीची परीक्षा, इथल्या गुणपत्रिकांचं मूल्यमापन, बेंच टेस्ट, सगळ्याला पैसा लागतो. म्हणून पुस्तकांवर आत्ताच हात सैल सोडू नकोस, असं दादाच्या, म्हणजे तुझ्या बाबाच्या, वतीने सांगते.

आणि इथेच राहिलीस तरी परवान्याची परीक्षा हा शब्द आता परका नाही. माझ्या वेळी बीडीएस झालं, इंटर्नशिप झाली, राज्याच्या दंत परिषदेत नाव नोंदवलं की संपलं. २०२३ च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्यात मात्र ‘नेक्स्ट’ नावाची सामायिक अंतिम परीक्षा लिहिलेली आहे. शेवटच्या वर्षाची परीक्षा तीच आणि व्यवसायाचा परवानाही तिच्यावरच. तुझ्या मागून येणाऱ्या मुलींना हे पत्र दाखवलंस तरी माझी हरकत नाही.

तुझ्या यादीत एका गोष्टीचं नाव नाही आणि ती फुकट आहे. आयएनबीडीई घेणारं मंडळ स्वतःच परीक्षेचा आराखडा, उमेदवारांची मार्गदर्शिका आणि नमुना प्रश्न आपल्या संकेतस्थळावर ठेवतं. एकोणीस नावांत ते नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं. आराखडा उघड. त्यात दंतवैद्याच्या कामाचे ५६ मुद्दे आणि त्यांच्या मुळाशी असलेल्या ज्ञानाची १० क्षेत्रं दिली आहेत. ढोबळ वाटणी अशी : निदान आणि उपचाराची आखणी सुमारे ३६ टक्के, प्रत्यक्ष उपचार ४२ टक्के, आणि व्यवसाय व व्यावसायिकता २२ टक्के. आता त्याच्याशेजारी तुझी यादी ठेवून बघ. तुझ्या सहा पाठ्यपुस्तकांपैकी एकही त्या शेवटच्या २२ टक्क्यांना हात लावत नाही.

हे मी उगाच धरून बसलेले नाही. आपल्याकडचा मुलगा शरीररचना आणि पॅथॉलॉजीत अडत नाही. तो अडतो ते ‘रुग्ण उपचार नाकारतो आहे, आता काय म्हणशील’ या प्रश्नावर. मुलाच्या अंगावर मारल्याच्या खुणा दिसल्या तर कुणाला कळवायचं, रुग्णाची माहिती कुणाला द्यायची नाही, सुई टोचली तर पहिल्या तासात काय करायचं, तिथल्या सरकारी योजनांपैकी मेडिकेड कुणासाठी आणि मेडिकेअरमध्ये नेहमीच्या दंतोपचारांना सहसा स्थान का नाही, संवेदनशीलता आणि विशिष्टता ही संख्याशास्त्रातली जोडी कशी काढायची. हे आपल्याकडे कुणी घोटून घेत नाही. रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा त्यांचा कायदा १९९६ चा आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशनची आचारसंहिता पाच तत्त्वांवर उभी आहे : रुग्णाचा निर्णयाधिकार, अपाय न करणं, हित करणं, न्याय आणि खरेपणा. ती संहिताही फुकट वाचायला मिळते. एका रविवारी बसून वाच. पैसे खर्च करायचेच असतील तर या भागाच्या सरावावर कर. ज्यात तू आधीच बरी आहेस त्याचं चौथं गाईड घेऊ नकोस.

साधन जुनं आहे की ताजं, हे मुखपृष्ठावरून कळत नाही. आयएनबीडीई ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली. त्याआधी पार्ट वन आणि पार्ट टू अशा दोन परीक्षा होत्या, आणि तू ज्याला ‘बेस्ट नोट्स’ म्हणतेस त्यातलं बरंच साहित्य त्या काळचं आहे, फक्त वरचं नाव बदललेलं. मी तुझी ती सीनियरवाली पीडीएफ उघडून बघितली. हिरडीच्या आजारांच्या प्रकरणात ‘क्रॉनिक’ आणि ‘ॲग्रेसिव्ह’ पेरिओडोंटायटिस असे दोन वर्ग करून पाठांतराचा तक्ता दिलेला आहे. ते १९९९ चं वर्गीकरण. २०१७ च्या जागतिक कार्यशाळेनंतर, २०१८ पासून, आपण स्टेज आणि ग्रेड लावतो. पहिली ते चौथी स्टेज, ए ते सी ग्रेड, आणि ग्रेड ठरवताना सिगारेट आणि मधुमेह बघायचा. मग मी त्यातच हृदयाच्या झडपेच्या रुग्णाला दात काढण्याआधी कोणतं प्रतिजैविक द्यायचं ते पाहिलं. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास क्लिंडामायसिन, असं ठळक अक्षरांत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ मध्ये ते यादीतून काढलं, कारण त्याचे आतड्यावरचे दुष्परिणाम फार गंभीर असू शकतात. अक्षर इतकं सुंदर आहे त्या मुलीचं, रंगीत पेनांनी चौकटी काढल्यात, किती रात्री जागली असेल. तिच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण ती पीडीएफ बाजूला ठेव.

तर तीन पानं झाली : लिग्नोकेन, हिरड्या, हृदयाची झडप. ज्या विषयात तुला पक्कं माहीत आहे तिथेच साधनाची परीक्षा घे. ज्यात तू कच्ची आहेस त्या प्रकरणावरून पुस्तक निवडलंस तर ते सोपं वाटतंय की चुकीचं आहे, हे तुला कळणारच नाही.

आता आपल्या आणि अमेरिकेतल्या सवयींतला फरक. हे कुठल्याच गाईडात नीट सापडत नाही, म्हणून लांबवते. आपण दात दोन आकड्यांनी ओळखतो. ‘१८’ म्हटलं की तुझा हात वरच्या उजव्या अक्कलदाढेकडे जातो. अमेरिकेत वरच्या उजव्या अक्कलदाढेला १ म्हणतात आणि तिथून मोजत ३२ पर्यंत जातात, आणि त्यांची ‘१८’ म्हणजे खालची डावी दुसरी दाढ. दोन्ही दाढाच, म्हणून चूक लक्षातही येत नाही. आपली ‘११’ म्हणजे पुढचा पटाशीचा दात, त्यांची ‘११’ म्हणजे वरचा डावा सुळा. आपली ३६ त्यांच्याकडे १९ होते, आपली ४६ होते ३०. केस पेपर लिहिताना आजपासून कंसात त्यांचा आकडाही लिहायला लाग. परीक्षेच्या खोलीत मनात भाषांतर करत बसलीस तर वेळ जाईल.

भूल देतानाही तेच. आपण बाटलीतून सिरिंजमध्ये मिली मोजून ओढतो, ते कार्ट्रिज मोजतात. १.७ किंवा १.८ मिलीची काचेची नळी, २ टक्के लिग्नोकेन म्हणजे एका नळीत ३४ किंवा ३६ मिलिग्रॅम. माझ्या त्या चौदा किलोच्या मुलाला दोन नळ्याही जास्तच झाल्या असत्या. त्यांच्याकडे ॲड्रेनॅलिन बहुधा लाखात एक, आपल्या बाटलीवर ऐंशी हजारांत एक किंवा दोन लाखांत एक. हृदयविकाराच्या रुग्णाला ०.०४ मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं, तर त्यांच्या दोन नळ्या होतात. आपल्या ऐंशी हजारवाल्या बाटलीचे किती मिली होतील ते तू काढ आणि मला सांग. हा एक हिशेब स्वतः केलास तर तीन पानांचं पाठांतर वाचेल.

फ्लोराइडचं उदाहरण तर मला फार आवडतं. त्यांच्या पुस्तकात पाण्यात फ्लोराइड घालायचं असतं, २०१५ पासून लिटरमागे ०.७ मिलिग्रॅम. आपल्याकडे किनवटच्या आणि यवतमाळच्या गावांत ते पाण्यातून काढायचं असतं. आपल्या मानकात १ मिलिग्रॅमपर्यंत योग्य, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. नागपूरच्या नीरीने तुरटी आणि चुन्याची नलगोंडा पद्धत त्यासाठीच उभी केली. नीट एमडीएसला नलगोंडा विचारतील, आयएनबीडीईला ०.७. पण पिवळ्या-तपकिरी डागांचे दात घेऊन आलेली कॉलेजातली मुलगी तू घाटी रुग्णालयात पाहिली आहेस ना? हनुवटी खाली घालून, तोंडावर ओढणी धरून हसणारी? मग दोन्ही आकडे तुझ्या डोक्यात वेगवेगळे का राहतील? ते त्या मुलीच्या दोन बाजूंना लिही.

म्हणूनच म्हणते, तुझ्याकडचं सगळ्यात मोठं साधन तू रोज सकाळी नऊला उघडतेस. आपलं शासकीय दंत महाविद्यालय १९८२ साली सुरू झालं. मी शिकले तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि पदवीवर मराठवाडा विद्यापीठाचा शिक्का होता, तुझ्या पदवीवर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा असेल. पण खुर्चीत येऊन बसणारा माणूस तोच आहे. सिल्लोडहून, पैठणहून, गंगापूरहून एसटीने आलेला, गालात पुडी नुकतीच थुंकलेली. राज्यात गुटख्यावर बंदी २०१२ मध्ये आली, तरी विशी-पंचविशीतल्या पोरांची तोंडं दोन बोटांच्या वर उघडत नाहीत, तिखट घास तोंडात धरवत नाही, गालाला आतून हात लावला तर दोरे लागतात. या आजाराचं पहिलं वर्णन श्वार्ट्झ यांनी १९५२ मध्ये केनियातल्या पाच भारतीय बायकांवरून केलं, आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशींनी त्याला सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव दिलं. अमेरिकेतल्या सरावपुस्तकात त्याला दोन-चार ओळी मिळतात. तिथला मुलगा त्या ओळी पाठ करतो, तू तो माणूस पाहिलेला आहेस. पाहिलेलं पाठ करावं लागत नाही.

याचा अभ्यासासाठी वापर असा कर. त्यांच्या परीक्षेत रुग्णाची चौकट असते. वय, मुख्य तक्रार, पूर्वेतिहास आणि औषधं, सध्याच्या तपासणीत काय सापडलं. त्याखाली प्रश्न. तू रोज ओपीडीतून आल्यावर एका कोऱ्या कार्डावर एका रुग्णाची अशी चौकट इंग्रजीत लिही. नाव नाही, गाव नाही, नोंदणी क्रमांक नाही. मागे तीन प्रश्न लिही : आधी काय करशील, काय करणार नाहीस, आणि रुग्णाला काय सांगशील. उत्तर त्या रात्री पाठ्यपुस्तकात शोध. वॉरफरिन घेणारे आजोबा, सहा महिन्यांची गरोदर बाई, साखर न तपासता आलेला रिक्षावाला, हाडांसाठी इंजेक्शन घेतलेल्या आजी. इंटर्नशिप संपेपर्यंत तुझ्याकडे दोनेकशे कार्डं सहज होतील. विकतची कार्डंही घे, डेंटल डेक्ससारखे संच पुष्कळांना उपयोगी पडतात, बसस्टॉपवर चाळता येतात. पण ती चाळायची आणि आपली लिहायची, एवढा फरक ठेव.

पाठ्यपुस्तकं तुझ्याकडे आहेतच. पॅथॉलॉजीला शेफर, हिरड्यांना करांझा, दातांच्या मटेरियलला फिलिप्स, औषधांना त्रिपाठी. नवी आवृत्ती नसेल तर कॉलेजच्या ग्रंथालयात बसून फक्त बदललेली प्रकरणं वाच, अख्खं पुस्तक विकत घेऊ नकोस. औरंगपुऱ्यात जुनी पुस्तकं मिळतात म्हणून धावशील, पण दंतशास्त्रात औषधं आणि वर्गीकरणं बदलतात, दाताचा आकार बदलत नाही. तेव्हा दंतरचनेचं जुनं पुस्तक चालेल, पेरिओचं चालणार नाही. एक प्रश्नसंच घे, एकच, ज्याच्या प्रत्येक उत्तराखाली बाकीचे पर्याय का चूक हे लिहिलेलं असेल. नुसती ‘बरोबर उत्तर : ब’ अशी किल्ली देणारा घेऊ नकोस. आणि व्हिडिओंचा एकच मालक धर, फुकटचे आहेत त्यात चांगलेही आहेत. एकच प्रकरण तीन माणसांकडून ऐकलंस तर विषय पक्का होत नाही, फक्त आवाज ओळखीचे होतात.

हे सांगण्याचा अधिकार मला माझ्याच फजितीने दिलाय. पदव्युत्तर प्रवेशाच्या तयारीत मी सात जणांच्या नोट्सची झेरॉक्स काढली होती. सात वेगवेगळ्या अक्षरांतली एकच गोष्ट, आणि प्रत्येकात थोडी वेगळी. एक ना धड भाराभर चिंध्या. कोणती खरी हे ठरवण्यात वेळ गेला आणि मूळ पुस्तक उघडायचं राहिलं. वर्ष वाया गेलं. दुसऱ्या वर्षी मी ती गठडी माळ्यावर टाकली, चार पुस्तकं आणि एक वही ठेवली. दोन पुस्तकांत आकडे वेगळे सापडले की वहीत एक ओळ : कोण काय म्हणतं, कुठल्या साली म्हणतं, आणि माझं मत काय. ती वही भरली तसा अभ्यासही भरला. लिग्नोकेनचं पान त्या वहीत नव्हतं, कारण त्या ओळीबद्दल मला शंकाच आली नव्हती.

आता यादीतलं शेवटचं नाव. ‘रिकॉल.’ माऊ, हे मात्र मी सरळ सांगते, घेऊ नकोस. परीक्षा देऊन आलेल्यांनी आठवून लिहिलेले प्रश्न, ते विकणारे आणि वाटणारे ग्रुप. परीक्षा मंडळाने याला स्पष्ट मनाई केलेली आहे, प्रश्न त्यांच्या मालकीचे आणि गोपनीय असतात, आणि कुणी सापडलं तर निकाल रद्द होऊ शकतो, पुढच्या परीक्षांची दारं बंद होऊ शकतात. पण मला त्या शिक्षेपेक्षा दुसरं जास्त लागतं. आठवून लिहिलेल्या प्रश्नात रुग्णाचं वय चुकलेलं असतं, औषधाचं नाव गळलेलं असतं, उत्तर कुणीतरी अंदाजाने भरलेलं असतं. ते माझ्या गाईडातलंच पान आहे, फक्त आणखी दोन हातांतून गेलेलं. आणि परवाना म्हणजे अनोळखी माणसाने तोंड उघडून तुझ्यापुढे मान मागे टाकणं. तो प्रश्न तुला आधीच माहीत होता म्हणून तू पास झालीस, हे त्याला माहीत नसतं. ‘सगळेच वापरतात’ असं तू म्हणशील. सगळे वापरत नाहीत. जे वापरत नाहीत ते ग्रुपमध्ये नसतात, म्हणून तुला दिसत नाहीत.

ग्रुपऐवजी एक मैत्रीण शोध. तुझ्याबरोबर पोस्टिंगला असलेली, जिला हीच परीक्षा द्यायची आहे अशी. आठवड्यातून दोन संध्याकाळी एकमेकींची कार्डं विचारा, मोठ्याने, इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना विषय येतो, पण लांब इंग्रजी परिच्छेद वाचताना दम लागतो. मलाही लागायचा. आयएनबीडीईत पहिल्या दिवशी ३६० आणि दुसऱ्या दिवशी १४० असे ५०० प्रश्न असतात, आणि शंभर प्रश्नांचा एक गठ्ठा पावणेदोन तासांत संपवायचा असतो. म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभर. परीक्षेच्या आधीचे दोन महिने आठवड्यातून एकदा असा पूर्ण गठ्ठा घड्याळ लावून सोडव. पंखा बंद, फोन दुसऱ्या खोलीत, मधे चहा नाही. तुझी पाठ दुखेल, साठाव्या प्रश्नानंतर डोळे ओळीवरून घसरतील. ते घरी घसरू देत.

दादाला माझा निरोप सांग की वर्गणीचे पैसे या महिन्यात भरू नको. परीक्षेची तारीख नक्की झाल्यावरच भरायची, नाहीतर सहा महिन्यांची मुदत तू इंटर्नशिपच्या नाइट ड्यूटीत घालवशील.

येत्या रविवारी उस्मानपुऱ्याला ये. सकाळी दहापर्यंत आलीस तर थालीपीठ गरम मिळेल. येताना आराखड्याची प्रिंट, त्या एकोणीसमधली तुला सगळ्यात आवडती तीन, आणि ऐंशी हजारवाल्या बाटलीचा हिशेब आण. मी ते जुनं गाईड कपाटातून काढून ठेवते. ते पान तू स्वतः बघ. त्या दोन रकान्यांच्या मधे मी पेन्सिलने गळलेले शब्द लिहून ठेवले आहेत, त्या रात्रीच.

तुझी,
आत्या